किटलीतली दोन बोटं

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलची एक किटली आहे. लग्नात आईने दिलेली. तिच्यात तेलाची एक पिशवी बरोबर मावते, गळ्याला टेकेल इतकी. पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा, किटलीत उलटी टेकवून ठेवायची आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत ओटा आवरून घ्यायचा, हे बावीस वर्षं चाललंय. गेल्या पावसाळ्यात एकदा पिशवी निथळून कोरडी झाली तरी किटली भरली नाही. वाटलं, सांडलं असेल. ओट्यावर हात फिरवला, खाली वाकून पाहिलं. सगळं कोरडं होतं. किटलीत वरची दोन बोटं जागा रिकामी होती.

कपाटात मागच्या महिन्याची एक पिशवी शिल्लक होती. ती आणि ही रिकामी, दोन्ही शेजारी ठेवल्या. उंची तीच, रुंदी तीच, रंग तोच, सूर्यफुलाचं चित्र त्याच जागी. जुनीवर खाली बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम, नवीवर ७५० ग्रॅम. जुनी मी १४५ रुपयांना आणली होती, नवी १४०ला. घेताना मला बरंच वाटलं होतं की चला, तेल पाच रुपयांनी उतरलं. मी ठाण्याला नौपाड्यात एका ऑफिसात हिशेब लिहिते. दिवसभर आकड्यांतच असते, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. पावतीच्या मागे गणित मांडलं. जुन्या पिशवीत किलोला १५९ रुपये पडत होते, नवीत १८७. जुन्याइतकं तेल आज घ्यायचं तर १७० रुपये मोजावे लागतील. तेल पंचवीस रुपयांनी महागलं होतं आणि मी पाच रुपये वाचले म्हणून समाधानात घरी आले होते.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, सगळ्यांचंच असं यायला लागलंय आता. मी काय करू?" त्याचं खरं होतं. पिशवीवरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, निव्वळ वजन पाकिटावर छापलेलं आहे." तिचंही खरं होतं. कायद्याच्या चौकटीत कुणीच काही चुकीचं केलेलं नव्हतं. मग माझी पंचवीस रुपयांची फसवणूक केली कुणी?

महागाईबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. वस्तू महाग होतात, त्याला कारणं असतात, आणि कारण कळलं की माणूस पोटाला चिमटा घेऊन जुळवून घेतो. माझा राग माप गुपचूप कापण्यावर आहे. भाव वाढवला तर तो मला दिसतो. मी घासाघीस करू शकते, कमी घेऊ शकते, दुसरीकडे जाऊ शकते, मोर्चा काढू शकते. माप कापलं तर यातलं काहीच माझ्या हातात राहत नाही, कारण काही झालंय हेच मला कळत नाही. माझा निर्णय माझ्याआधी दुसऱ्याने घेऊन टाकलेला असतो.

हे माझ्या मनात इतकं का रुतलं, त्याचं कारण माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि बाजारात मापाडी म्हणून लागले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार दक्षिण मुंबईच्या गर्दीतून वाशी-तुर्भ्याला आला, त्याच्या मागोमाग दादाही इकडे आले. कोपरखैरण्यात माथाडींची वस्ती उभी राहिली, तिथे आमचं घर झालं. गोणी उचलणारे वारणार वेगळे, डोक्यावर वाहणारे माथाडी वेगळे आणि काट्यावर उभा राहणारा मापाडी वेगळा. दादांचं काम एकच. गोणी काट्यावर आली की वजन मोठ्याने म्हणायचं. शेतकऱ्याला ऐकू गेलं पाहिजे, त्याचा माल विकून देणाऱ्या अडत्याला ऐकू गेलं पाहिजे, पट्टी म्हणजे हिशेबाची चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही. रात्री घरी येताना त्यांचा आवाज बसलेला असायचा.

दादा सांगायचे, गावाकडच्या बाजारात 'कडता' असायचा. शेतकऱ्याने गोणी आणली की व्यापारी म्हणणार, यात माती आहे, सुकून तूट येणार, बारदानाचं वजन आहे. मग क्विंटलमागे किलो-दोन किलो सरळ वजा. भाव ठरला तोच राहायचा आणि शेतकऱ्याला वाटायचं, आज भाव बरा मिळाला. कापलेलं वजन पट्टीवर नीट दिसायचंही नाही. कायद्याने कडत्याला परवानगी नव्हती, तरी तो वर्षानुवर्षं चालत आला. तसाच प्रकार भावाच्या बाबतीत हत्ता पद्धतीचा. रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा, ज्याचा माल त्यालाच भाव कळायचा नाही. बाजार समित्यांनी ती मोडून काढायला उघडा लिलाव आणला. दादांचं म्हणणं असायचं की भावात कुणी कुणाला चेपलं तर तो व्यवहार झाला, पण काट्यावर चेपलं तर ते पाप. आमच्या घरात 'मापात पाप' हे दोन शब्द शिवीसारखे वापरले जायचे.

आजचं कमी ग्रॅमचं पाकीट म्हणजे छापील कडताच आहे. फरक इतकाच की आता तो शेतकऱ्याच्या गोणीतून न कापता माझ्या किटलीतून कापला जातो, आणि वजन मोठ्याने म्हणणारा मापाडी मध्ये उभा नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २००९ चा वैधमापन कायदा, म्हणजे वजनमापांचा कायदा, आणि २०११ चे आवेष्टित म्हणजे पाकीटबंद वस्तूंचे नियम आपल्याकडे आहेत. पूर्वी या नियमांत एक परिशिष्ट होतं. तेल, चहा, बिस्किटं, साबण अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकायच्या, अशी त्यात सक्ती होती. २०२२ मध्ये हे परिशिष्ट काढून टाकलं. ज्याला जितक्या ग्रॅमचं पाकीट काढायचं तितकं काढावं. त्याच्या बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट दिली, एककाचा दर छापण्याची सक्ती. ऐकायला चांगली आहे. पण नियम असा की पाकीट किलोच्या आतलं असेल तर दर ग्रॅमचा छापायचा, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. माझ्या जुन्या पिशवीचा हिशेब ग्रॅमला १६ पैसे येतो, नवीचा १९ पैसे. दुकानात उभं राहून तीन पैशांच्या फरकाने कुणाचा जीव वरखाली होणार? तोच आकडा किलोत सांगा, १५९ आणि १८७, म्हणजे आठवीतली पोरगीसुद्धा पिशवी परत ठेवेल. ग्राहकाला माहिती देण्यासाठी केलेला नियम माहिती लपवायला सोयीचा झाला आहे. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही, पण ते दुरुस्त का होत नाही, हे विचारायचा हक्क मला आहे.

तेलाच्या बाबतीत तर याहून बारीक कारागिरी झाली. तेल तापलं की फुगतं. २१ अंशांना एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. काही पाकिटांवर लिटरचं माप चक्क ६० अंश तापमानाला म्हणून छापलं जात होतं. कुणाच्या घरात तेलाची पिशवी ६० अंशांना असते? ठाण्याच्या मे महिन्यातही नाही. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं की तापमान न लिहिता वजन छापा. चांगलं केलं. पण पंचवीस ग्रॅमची ती चोरी पकडणारं सरकार दीडशे ग्रॅमच्या कपातीला हात लावत नाही, कारण ती छापून केलेली आहे.

फ्रान्सने एक साधा उपाय केला आहे. तिथे १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना, एखाद्या वस्तूचं माप घटून तिचा एककाचा दर वाढला असेल तर, त्या वस्तूशेजारी तसा फलक दोन महिने लावावा लागतो. आधी इतकं होतं, आता इतकं आहे, दर इतका वाढला. बस्स. माप कापलं म्हणून कुणाला शिक्षा नाही, कुणाच्या धंद्यावर बंदी नाही. कापणाऱ्याने कापलं असं सांगायचं, एवढंच. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरण नेमलेलं आहे आणि अनुचित व्यापारी प्रथांना आळा घालणं हे त्याचंच काम आहे. फलकाची ही सक्ती आपल्याकडे आणायला मला तरी काही अडचण दिसत नाही.

कंपन्यांची बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. त्या म्हणतात, आमचं निम्मं गिऱ्हाईक पाच आणि दहा रुपयांचं आहे. तुर्भे स्टोअरच्या वस्तीत किंवा दिघ्याला राहणारी बाई रोजच्या मजुरीतून दहा रुपयांची चहा पावडर घेते. दहाचे बारा केले तर ती घेणारच नाही, म्हणून आम्ही दहा रुपयेच ठेवतो आणि चिमूटभर पावडर कमी करतो. यात तथ्य आहे. मी त्या वस्तीशेजारी वाढले, मुठीत सुटी नाणी घेऊन दुकानात गेले आहे. पण याच बाईला चहा पावडर किलोच्या हिशेबाने माझ्यापेक्षा महाग पडते, कारण ती लहान पुडी घेते. तिची अडचण तुम्हाला खरोखर समजली असेल तर तिला सांगा की पुडी लहान झाली आहे. ती महिन्याचं गणित माझ्याहून काटेकोर करते, एक कप कमी उकळेल. न सांगता कापता, तेव्हा महिनाअखेर तिलाच वाटत राहतं की हल्ली आपल्याच हाताला बरकत राहिली नाही. माझ्या आईला आयुष्यभर असं वाटत आलं. तिच्या उधळेपणाचा तो दोष नव्हता, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तेल महागलं कशाने, हा प्रश्न मात्र आपल्याला कोपरखैरण्याच्या पार बाहेर नेतो. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातून. न्हावा-शेव्याच्या बंदरात जहाजं लागतात, तिथून टँकर निघतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि दोन महिन्यांत आमच्या सेक्टरमधल्या बायका तेलाची पिशवी हातात घेऊन पुन्हा फळीवर ठेवू लागल्या. त्या वेळी कंपन्यांनी भाव वाढवले, लोकांनी ते समजून घेतले. युद्ध टीव्हीवर दिसत होतं. म्हणजे कारण उघडपणे सांगितलं तर गिऱ्हाईक पळत नाही, हा अनुभव सगळ्यांनीच घेतलेला आहे.

पण आपण इतके परावलंबी झालो कसे? १९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलाची आयात अगदी नाममात्र उरली होती. पिवळी क्रांती म्हणत तिला. पुढे पामतेलाची आयात खुली झाली, शुल्क उतरत गेलं, शहरात तेल स्वस्त झालं. त्या स्वस्ताईचा आनंद आपण घेतला आणि तिची किंमत मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याने भरली. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि किती तरी बाजार समित्यांत माल त्याच्या खाली गेला. हाही कडताच. पट्टीवर दिसत नाही इतकंच.

त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, स्वतःच्या लोकांना तेल महाग मिळू नये म्हणून. आमच्या ट्रेनच्या डब्यात, कोपरखैरणे ते ठाणे, त्यावर चर्चा झाली होती. किती स्वार्थी देश, असा सूर होता. पंधरा दिवसांनी, १३ मे रोजी, आपण गव्हाची निर्यात बंद केली. मार्चच्या उष्णतेच्या लाटेने पीक घटलं होतं, कारण खरं होतं, आणि गरजू देशांच्या सरकारांना गहू देण्याची वाटही ठेवली होती. तरीही डब्यात कुणी आपल्याला स्वार्थी म्हटलं नाही. २० जुलै २०२३ ला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळातला सुमारे चाळीस टक्के आपला. आफ्रिकेतल्या कुठल्या तरी बाईच्या भांड्यात त्या महिन्यात दोन बोटं भात कमी शिजला असेल. तिनेही आधी ओट्यावर हात फिरवून पाहिला असेल.

आणि कांदा. कांद्यावर मला बोललंच पाहिजे, कारण आमचं घर कांद्यावर चाललं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, लासलगावचे लिलाव बंद पडले. मग सरकारने क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. आज निर्णय, उद्यापासून अंमल. वाटेतला माल बंदरात आणि सीमेवर अडकला. तुर्भ्याच्या बाजारात भाव खाली आले आणि आम्ही नवी मुंबईकरांनी स्वस्त कांदा पिशव्या भरभरून नेला. तिकडे नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्याने काढणीचा खर्च निघेना म्हणून कांदा रस्त्यावर ओतला. ढाक्यात कांदा एका रात्रीत कडाडला. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याच्या खाली परदेशात विकता येत नाही असा भाव, आणि शुल्क लावूनच. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

२०१९ मध्येही अशीच अचानक बंदी आली होती. तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर कार्यक्रमात त्या हिंदीत म्हणाल्या की मी माझ्या स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असं सांगितलंय. सगळे हसले. पुढे त्या जे म्हणाल्या ते कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. बंद करणार होता तर आधी सांगायचं होतं, आम्ही दुसरीकडून सोय केली असती. त्यांच्या राजवटीबद्दल माझं मत चांगलं नाही, पण हे एक वाक्य मला पटलं. ग्राहक सेवेच्या त्या मुलीला मी नेमकं हेच सांगत होते.

यावर मला ठरावीक उत्तर मिळतं. गरिबाला वीस रुपयांत कांदा मिळायला नको का? मिळायला हवा. सरकारने राखीव साठ्यातला कांदा २०२३ मध्ये २५ रुपये आणि २०२४ मध्ये ३५ रुपये किलोने गाड्या लावून विकला, तो मार्ग योग्य आहे. शेतकऱ्याकडून चालू भावाने घ्या, शहरात स्वस्त विका, मधली तूट तिजोरीतून भरा. ती तूट अर्थसंकल्पात दिसेल, तिच्यावर चर्चा होईल, मी कर भरते त्यातून माझा वाटा जाईल. निर्यात बंद केली की तीच तूट एकट्या शेतकऱ्याच्या गोणीतून कापली जाते आणि कुठल्याच कागदावर येत नाही. शहरी ग्राहकाच्या नावाने हे केलं जातं म्हणून शहरी ग्राहक म्हणूनच सांगते, माझ्या नावाने हे करू नका. बंदी करायचीच तर निदान महिनाभर आधी जाहीर करा आणि झालेले सौदे पुरे होऊ द्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. रशियाचं तेल सर्वांत जास्त चीन घेतो, युरोपही रशियाचा गॅस घेत होता, पण ही शिक्षा आपल्याला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस संताप उसळला होता. एकाला एक माप, दुसऱ्याला दुसरं, ही कुठली नीती? अमेरिकन कोल्ड्रिंक गणपतीत आणायचं नाही असं ठरलं. संताप अगदी रास्त होता आणि मीही त्यात होते. त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर दुसरा ठराव आला. कामवाल्या बायका आणि डिलिव्हरीची मुलं यांनी मागची लिफ्ट वापरावी, ती बंद असेल तर जिन्याने जावं. पंधरा मिनिटांत सत्तावीस अंगठे पडले. मी विरोधात लिहिलं. त्याला दोन अंगठे मिळाले.

पण त्या ठरावापेक्षा मला माझंच एक वागणं जास्त बोचलं आहे. आमच्याकडे भांडी आणि फरशीला मावशी येतात, नऊ वर्षं झाली. त्या लागल्या तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. तीन वर्षांपूर्वी सासूबाई आणि सासरे कायमचे राहायला आले. तिघांची पाच माणसं झाली. ताटं वाढली, सासऱ्यांच्या पथ्याची वेगळी भांडी आली, सकाळचं पातेलं मोठं झालं. पैसे मी वाढवले नाहीत. दर दिवाळीला बोनस देत होते, साडी देत होते, त्यामुळे आपण चांगलं वागतो अशी माझी समजूत होती. मावशींनी कधी विषय काढला नाही. किटलीचं गणित मी ज्या दिवशी मांडलं, त्या दिवशी त्या मागे मोरीत भांडी घासत होत्या. दर तोच आणि माल कमी, असं माझ्या बाबतीत झालं होतं. दर तोच आणि काम जास्त, असं मी त्यांच्या बाबतीत केलं होतं. दोन्ही एकच आहे, फक्त काट्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं एवढा बदल.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण प्रत्येक घराच्या मोरीत जाऊन किती भांडी पडतात हे कुणी मोजत नाही. ते आपणच मोजायचं असतं. मी मावशींना विचारलं, "पाच माणसांचं तुम्ही दुसरीकडे किती घेता?" त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आठशे जास्त घेते." तीन वर्षं आठशे. मी त्या महिन्यापासून वाढवले आणि मागचे हप्त्याहप्त्याने देते आहे. सासूबाईंना ते पटलं नाही, बिल्डिंगमधल्या दोघींना तर अजिबात नाही. भाव बिघडतो, असं त्या म्हणाल्या. भाव बिघडलेलाच होता, मी तो दुरुस्त केला, असं मी त्यांना सांगितलं आणि आता आमचं बोलणं जरा कमी झालं आहे.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. मागण्या दोनच आहेत. एककाचा दर नेहमी किलोत किंवा लिटरमध्ये छापा. आणि माप घटवलं तर पुढचे तीन महिने पिशवीच्या दर्शनी भागावर, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत, आधी किती होतं ते लिहा. हेच मी वैधमापन विभागाला आणि आमच्या खासदारांनाही लेखी कळवलं आहे.

दरम्यान दुकानदाराकडे परत गेले. त्याला म्हटलं, तुझ्याकडे पाच प्रकारचं तेल आहे, पाचांचे किलोचे भाव काढून देते, तू लाव. तो म्हणाला, कंपनीचा माणूस येईल तेव्हा काढून ठेवेन हं ताई. चालेल म्हटलं. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, मार्कर घेतला, दहा मिनिटांत पाच आकडे लिहिले आणि त्याने तो काउंटरवर उभा केला. सगळ्यांत कमी किमतीची दिसणारी पिशवी किलोला सगळ्यांत महाग निघाली होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंच्या हातात तीच होती. त्यांनी पुठ्ठा वाचला, हातातल्या पिशवीकडे पाहिलं, परत पुठ्ठा वाचला, आणि पिशवी फळीवर ठेवून दुसरी उचलली.